लवकर थंडी वाजते म्हणून डायव्हिंग सोडायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पाणी २७ अंशांचं, अंगात भाड्याने घेतलेला ३ मिलिमीटरचा वेटसूट, आणि विसाव्या मिनिटाला हुडहुडी. बरोबरची मंडळी त्याच पाण्यात तासभर निवांत फिरतात. दिवसाच्या दुसऱ्या डाइव्हला तर तुम्ही उतरताक्षणीच काकडता, ओठ निळे होतात, बोटांची टोकं पांढरीफटक पडतात. ‘सवय होईल’ असं सगळे सांगतात. आता अंग कोरडं ठेवणारा ड्रायसूट घ्यायचा की डायव्हिंगच सोडायचं, हे तुम्हाला ठरवायचंय.

सोडू नका. पण सवय होण्याची वाटही बघू नका. मी १८ वर्षं डायव्हिंग शिकवते आहे आणि स्वतः लवकर गारठणारी आहे, म्हणून हे ठामपणे सांगते. वारंवार गार पाण्यात उतरल्याने अंग थोडं रुळतं हे खरं. पहिला धसका कमी होतो, कुडकुडणं उशिरा सुरू होतं. पण अंगातली उष्णता जायची ती जातच राहते, फक्त ती जाते आहे हे आपल्याला उशिरा कळतं. पाण्याखाली ही काही चांगली गोष्ट नाही. सिलिंडरमधली हवा आपण जशी काट्यावर नजर ठेवून वापरतो, तशी अंगातली ऊबही हिशेबाने वापरायची असते. थंडी सोसून दाखवायची नसते.

२७ अंश हा आकडा फसवा आहे. एवढ्या तापमानाच्या खोलीत आपण पातळ कपड्यांत आरामात बसतो. पण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट चांगलं उष्णतावाहक आहे. उघड्या अंगाने पाण्यात स्वस्थ बसलेल्या माणसाची ऊब टिकायची तर ते पाणी ३३ ते ३५ अंशांचं लागतं. म्हणजे जवळजवळ प्रत्येक समुद्रात प्रत्येक डायव्हर खर्चच करत असतो. कोणाला तो तासाभराने जाणवतो, कोणाला वीस मिनिटांत. सडपातळ, लहान चणीच्या माणसाच्या कातडीचं क्षेत्रफळ त्याच्या वजनाच्या मानाने जास्त असतं, त्यामुळे तो लवकर गार पडतो. कातडीखाली चरबी कमी असेल तर आणखी लवकर. बायकांच्या हातापायांच्या रक्तवाहिन्या साधारणपणे पुरुषांपेक्षा आधी आक्रसतात. तुमचा बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, ९० किलोचा धिप्पाड माणूस असेल तर त्याला काय पुरतं यावरून तुमचा सूट ठरूच शकत नाही. श्वासातूनही गळती चालू असते. सिलिंडरची हवा कोरडी आणि गार, ती गरम आणि दमट करायचं काम शरीराच्या माथी. जितकं खोल जाल तितकी हवा दाट, आणि तितका प्रत्येक श्वासामागचा खर्च जास्त.

सामानाकडे वळण्याआधी बोटांबद्दल बोलू. ती पांढरी पडतात हे वाचून मला तसंच पुढे जाववत नाही. गार लागताच बोटं पांढरी पडणं, मग निळसर होणं आणि ऊब मिळाली की लाल होऊन ठणकणं, हे रेनॉड्स या रक्तवाहिन्या आक्रसण्याच्या विकाराचं लक्षण असू शकतं. बऱ्याच जणांना त्याचा नुसता त्रास असतो. काहींमध्ये मात्र त्यामागे दुसरा आजार असतो. थायरॉइड मंद असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल तरी सतत थंडी वाजते. रक्तदाबासाठी दिली जाणारी बीटा ब्लॉकर गटातली काही औषधंही हातपाय गार पाडतात. तेव्हा एकदा डॉक्टरांना दाखवा आणि मी डायव्हिंग करते हे त्यांना आवर्जून सांगा. गार पाणी लागल्यावर अंगावर खाजऱ्या गांधी उठत असतील तर डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत पाण्यात उतरूच नका. ही गारठ्याची ॲलर्जी असू शकते, आणि सगळं अंग एकदम गार पाण्यात गेलं तर रक्तदाब कोसळून शुद्ध हरपू शकते. तसंच पाण्यात अचानक धाप लागली, खोकला सुटला, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी पडली, तर तो निव्वळ गारठा समजू नका. फुप्फुसांत पाणी भरण्याचा हा प्रकार गार पाण्यात जास्त होतो. डाइव्ह तिथेच थांबवून वर या, ऑक्सिजन घ्या आणि दवाखाना गाठा.

आता वेटसूट. तुमचा त्रास बहुतेक इथेच अडकलाय. वेटसूट आत पाणी घेतो, ते अंगाने गरम होतं आणि ते गरम पाणी आपल्याला ऊब देतं, असं जवळजवळ प्रत्येक नवशिक्याला वाटतं. तसं नाही. ऊब टिकवतात ते निओप्रीनच्या, म्हणजे सूटच्या फेसाळ रबराच्या, आत अडकलेले वायूचे असंख्य बारीक बुडबुडे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी वेटसूटची कल्पना मांडली ती हेच ओळखून: अंग कोरडं राहण्याची गरज नाही, कापडात वायू अडकलेला असला की झालं. आत शिरलेलं पाणी मदत करत नाही, फार तर नुकसान करत नाही, आणि तेही ते एका जागी राहिलं तरच. ते हललं, बाहेर गेलं आणि त्याच्या जागी नवं गार पाणी आलं, की तुमचं शरीर समुद्र तापवत बसतं.

म्हणून मी सूटच्या जाडीआधी माप बघते. सैल ५ मिलिमीटरपेक्षा अंगाला चिकटलेला ३ मिलिमीटर बरा. भाड्याच्या सूटमध्ये लहान चणीच्या बायकांची ठरलेली तक्रार म्हणजे कमरेच्या वर, पाठीचा कणा आत वळतो तिथे, पोकळी राहणं. तिथे पेलाभर पाणी साठतं आणि प्रत्येक हालचालीला पंपासारखं आतबाहेर होतं. तपासायची रीत सोपी आहे. कमरेएवढ्या पाण्यात खांद्यापर्यंत बुडा, मिनिटभर थांबा, अंगाला लागलेलं पाणी कोमट होऊ द्या. मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन पुढे वाका आणि पुन्हा सरळ व्हा. मानेपासून कण्यावरून गार धार खाली उतरली तर सूट मोठा आहे, किंवा मान नाहीतर पाठीची चेन गळते आहे. काखेत, जांघेत, मनगटाशी, घोट्याशीही असंच बघा. बाहेर असताना सूट थोडा घट्टच वाटला पाहिजे, पण छाती भरून श्वास घेता आला पाहिजे. मानेला इतका आवळणारा नको की डोकं हलकं व्हायला लागेल. मानेतल्या शिरांवर दाब पडून घेरी येऊ शकते.

खोलीचा परिणाम लोक विसरतात. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणजे निओप्रीनमधले बुडबुडे निम्मे. ३० मीटरवर चौथाई. रबर स्वतः दबत नाही, म्हणून सूट अगदी चौथाई होत नाही. तरी पृष्ठभागावर जाडजूड वाटणारा सूट तिथे बराच पातळ झालेला असतो. नेमकं तिथेच थर्मोक्लाइन, म्हणजे पाण्याचं तापमान एकदम उतरतं ती सीमा, ओलांडून गार थरात उतरलात तर दोन्ही बाजूंनी मार बसतो. लवकर गारठणाऱ्याने १२ ते १५ मीटरची डाइव्ह निवडली तर त्याच सूटमध्ये जास्त वेळ मिळतो. शिवाय तिथे प्रकाश आणि रंगही जास्त असतात. आणि निओप्रीन म्हातारं होतं. शेकडो वेळा दबून-फुलून बुडबुडे फुटतात, सूट पातळ आणि कडक होतो. भाड्याचा सूट हातात आला की गुडघ्याजवळचं आणि पाठीचं कापड चिमटीत दाबून सोडा. लगेच फुगून वर आलं तर जीव आहे. चिमटीची खूण तशीच राहिली तर आत लेबल ५ मिलिमीटरचं असलं तरी तो ५ चा राहिलेला नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर पहिली खरेदी हूडेड व्हेस्ट. म्हणजे हूड जोडलेली बिनबाह्यांची निओप्रीनची बंडी, सूटच्या आतून घालायची. छातीपाठीवर दुसरा थर येतो, मानेतली गळती बंद होते, डोकं झाकलं जातं. वेगळा हूड घेतला तर मानेचा सांधा गळतो, म्हणून मला हा जोडलेला प्रकार आवडतो. ‘निम्मी उष्णता डोक्यातून जाते’ हे तुम्ही ऐकलं असेल. ते खरं नाही. डोकं जेवढं मोठं, साधारण त्या प्रमाणातच तिथून उष्णता जाते. पण गारठ्यात हातापायांच्या रक्तवाहिन्या जशा आवळून घेतात तशा डोक्याच्या कातडीतल्या फारशा आवळत नाहीत. म्हणून उघडं डोकं चालू राहिलेल्या नळासारखं असतं. हूड पहिल्यांदा घातला की गुदमरल्यासारखं होतं, तेव्हा तो घरीच आधी थोडा वेळ घालून बसा. उतरण्याआधी कानापाशी बोटाने ओढून आत थोडं पाणी जाऊ द्या. हूड कानाच्या भोकावर हवाबंद बसला तर कानाला त्रास होतो.

हात आणि पाय यांच्याबद्दल लोक उलटा विचार करतात. हात गार पडले की जाड ग्लव्ह्ज घेतात. पण शरीराचा गाभा गार पडायला लागला की ते आधी हातापायांचा रक्तपुरवठा कमी करतं. धड गरम असेल तर बोटांना रक्त मिळतं. म्हणून आधी धड, मग हात. रेनॉड्सवाल्यांना मात्र दोन्ही लागतं: ५ मिलिमीटरचे ग्लव्ह्ज, सूटच्या बाहीखाली मनगट नीट दडवलेलं, आणि फार त्रास असेल तर दोन-तीन बोटं एकत्र राहतील असे. ते घालून तरंगण्याच्या जाकिटात हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरचं बटण, वेट बेल्टचं बकल, मास्कचा पट्टा हे सगळं न बघता हाताळण्याचा सराव उथळ पाण्यात करा. आणि ग्लव्ह्ज पाण्यात उतरण्याआधी, हात अजून गरम असतानाच घाला. गार पडलेला हात ग्लव्हमध्ये कोंबला तर तो गारच राहतो.

जाडीचा अंदाज विचारलात तर मी असा सांगेन. २७ ते २९ अंशांना बहुतेकांना ३ मिलिमीटर पुरतो, २४ ते २६ ला ५, १८ ते २३ ला ७ आणि हूड, त्याखाली सेमीड्राय (पाणी फारसं आत येऊ न देणारा जाड वेटसूट) किंवा ड्रायसूट. तुम्ही प्रत्येक वेळी एक पायरी वर चढायचं. २७ अंशांत ५ मिलिमीटर अधिक हूडेड व्हेस्ट घातला तर नाव ठेवणाऱ्यांना ठेवू द्या. थर वाढला की तरंगणंही वाढतं, म्हणून वजन पुन्हा तपासायला विसरू नका. डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरमध्ये ५० बारच्या आसपास हवा असताना, ५ मीटरवर बीसीडी, म्हणजे तेच तरंगण्याचं जाकीट, रिकामी करून स्थिर राहता आलं पाहिजे. नाहीतर गारठलेल्या हातांनी सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येण्याआधीच्या त्या थांब्यावर, वर ओढले जाल. सूटच्या आत लायक्राचा पातळ थर घातल्याने ऊब फारशी वाढत नाही, फक्त सूट चढवणं सोपं होतं.

ड्रायसूट हे खरं उत्तर आहे, पण २७ अंशांच्या पाण्यासाठी ते सहसा नको. त्यात अंग कोरडं राहतं आणि ऊब देतात ते आतले कपडे. पातळ कापडाच्या ड्रायसूटला स्वतःची ऊब जवळपास नसते. कातडीला लागून लोकरीचा किंवा घाम पुढे सरकवणारा थर, वर जाड फ्लीस. सुती कपडा कधीच नको, तो घाम धरून ठेवतो आणि गार पडतो. खाली जाताना दाबाने सूट अंगाला आवळतो, म्हणून त्यात हवा भरावी लागते आणि वर येताना सोडावी लागते. ते विसरलं तर सूट फुगून माणूस बेफाम वर जातो. म्हणून ड्रायसूटचं वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय तो घालू नये, आणि पहिल्या काही डाइव्ह उथळ पाण्यातच कराव्या. खोल तांत्रिक डायव्हिंग करणारे सूटमध्ये आर्गॉन भरतात, कारण तो हवेपेक्षा कमी उष्णता वाहतो. तुम्हाला त्याची गरज नाही. हेलियम मिसळलेला श्वासाचा वायू मात्र सूटमध्ये कोणीच भरू नये. हेलियम हवेच्या सुमारे ६ पट उष्णता वाहतो.

आता ज्याला एक पैसा लागत नाही ते. गारठा बहुतेक वेळा पाण्यात सुरू होत नाही, बोटीवर सुरू होतो. पहिल्या डाइव्हनंतर ओला सूट कमरेपर्यंत सोडून वाऱ्यात बसलात, तर अंगावरचं पाणी वाफ होऊन जाताना तुमचीच उष्णता घेऊन जातं. दुसऱ्या डाइव्हला तुम्ही उतरताक्षणीच काकडता त्याचं कारण हेच. पहिलीची उधारी अजून फिटलेलीच नसते. वर आलात की सूट पूर्ण काढा, टॉवेलने कोरडे व्हा, डोक्याला लोकरी टोपी, अंगात वारा अडवणारं जाकीट, पायात कोरडे मोजे. गरम काहीतरी प्या, खा. उपाशीपोटी उतरू नका, शरीराला जाळायला काही तरी लागतं. दारू नको, ती कातडीच्या रक्तवाहिन्या सैल करते आणि ऊब उधळते. सिगारेट उलट बोटांच्या रक्तवाहिन्या आवळते, तीही नको. पाण्यात लघवी जास्त लागते हे स्वाभाविक आहे, शरीराभोवतीचा दाब आणि गारठा दोन्ही त्याला कारण. म्हणून पाणी पिणं कमी करू नका. वेटसूटमध्ये लघवी केल्याने क्षणभर बरं वाटतं, पण ती तुमच्याच अंगातली ऊब असते, त्यात मिळकत काही नाही.

माझ्याकडे एक रुंद तोंडाचा थर्मास असतो. त्यात हाताला सहज सोसेल इतकं गरम पाणी. उतरण्याआधी दोन मिनिटं मानेतून थोडं पाठीवर, थोडं छातीवर ओतते, ग्लव्ह्जमध्ये ओतते आणि मनगटाशी दाबून धरते. समुद्राचं पाणी आत शिरायच्या आधीच सूटमध्ये कोमट पाणी बसलेलं असतं, त्यामुळे तो पहिला थंडगार झटका बसत नाही आणि अंग आखडत नाही. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघा. गारठलेल्या बोटांना चटका कळत नाही. उतरण्याआधी उड्या मारून अंग गरम करायचा सल्ला मी देत नाही. घाम आला की त्याचा उलटाच परिणाम होतो, ड्रायसूटमध्ये तर हमखास.

डाइव्हमध्ये परत फिरायचा बिंदू फक्त हवेवर ठरवू नका. माझा नियम: पहिल्यांदा अंगावर शिरशिरी आली की बडीला खूण, आणि परतीला लागायचं. ती थांबते का बघू, असं नाही. अनेक वर्षांपूर्वी १६ अंशांच्या तलावात माझ्या एका विद्यार्थिनीने तीनदा विचारल्यावर तीनदा ‘ठीक’ची खूण केली. चौथ्यांदा तिची खूण उशिरा आली आणि बोटांचं वर्तुळ पुरं झालं नाही. मी तिला अंगठा करंगळीला टेकवून दाखवायला सांगितलं. ती हाताकडे बघत राहिली, अंगठा अर्ध्यावर येऊन थांबला. त्याच हाताने तिला थोड्या वेळाने इन्फ्लेटर दाबायचा होता. तेव्हापासून गार पाण्यात दर दहा मिनिटांनी मी प्रत्येकाला अंगठा-करंगळी करायला लावते. तुम्हीही बडीबरोबर हे ठरवून घ्या. हवा नेहमीपेक्षा भराभर संपणं, माउथपीस दातांत आवळून धरणं, सोप्या गोष्टीवर चिडचिड होणं, मनगटावरच्या डाइव्ह संगणकाचा आकडा दोनदा वाचावा लागणं, या सगळ्या गारठ्याच्याच खुणा. कुडकुडणं आपोआप थांबलं आणि माणूस मंद, गप्प झाला तर ती सुधारणा नाही. त्याला ताबडतोब बाहेर काढून कोरडं करायचं आणि मदत बोलवायची.

गारठ्याचा संबंध डीकंप्रेशनशी, म्हणजे वर येताना अंगात साठलेला नायट्रोजन बाहेर पडण्याशीही आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन नौदलाच्या प्रयोगात डायव्हर तळाशी असताना आणि वर येताना पाणी कधी ३६ अंशांचं तर कधी २७ अंशांचं ठेवलं होतं. तळाशी गरम आणि वर येताना गार राहिलेल्यांना डीकंप्रेशनचा आजार लक्षणीय प्रमाणात जास्त झाला. त्या डाइव्ह लांब आणि थांबे घेत वर येण्याच्या होत्या, आपल्या साध्या डाइव्हला ते आकडे तसेच लागू होत नाहीत. पण त्यांनी ‘गार’ म्हणून निवडलेलं पाणी नेमकं तुमच्या २७ अंशांचं होतं, हे लक्षात घ्या. तळाशी रक्त उबदार, वाहतं, त्यामुळे नायट्रोजन भराभर आत. वर येताना रक्तवाहिन्या आवळलेल्या, म्हणून तो बाहेर पडायला हळू. म्हणून बॅटरीवर तापणारी बंडी घेतलीत तर ती सुरुवातीपासून जोरात लावून शेवटी संपवू नका; सुरुवातीला मंद आणि वर येताना चालू राहील अशी ठेवा. हवेने तापणाऱ्या हातगरम पुड्या ड्रायसूटमध्ये नकोत, ऑक्सिजनचा दाब वाढला की त्या जास्त तापून भाजतात. आणि लांब किंवा खोल डाइव्हनंतर लगेच कडक गरम पाण्याखाली उभं राहू नका. आधी कोरडे कपडे, गरम पेय, थोडा वेळ, अंघोळ नंतर.

संगणकाचं तापमान विश्वासाचं असतंच असं नाही, पण त्याची नोंद ठेवा. लॉगबुकात एक रकाना वाढवा: सर्वांत गार पाणी किती अंश, अंगात काय होतं, पहिली शिरशिरी कितव्या मिनिटाला आली, त्या दिवसातली कितवी डाइव्ह. पुढच्या पाच डाइव्ह मापाच्या सूटमध्ये आणि हूडेड व्हेस्ट घालून करा, दिवसातून दोनच, मध्ये पूर्ण कोरडे होऊन. विसाव्या मिनिटाची शिरशिरी पंचेचाळिसाव्या मिनिटापर्यंत पुढे गेली, तर या पाण्यासाठी तुम्हाला ड्रायसूट नको. तिसाव्याच्या आतच अडकून राहिली, तर पुढची पायरी ७ मिलिमीटरचा सेमीड्राय. आणि तेही पुरलं नाही, किंवा तुमचं मन २० अंशांखालच्या पाण्याकडे ओढ घेत असेल, तर ड्रायसूटचा कोर्स करा आणि भाड्याच्या सूटमध्ये चार डाइव्ह झाल्यावर मगच स्वतःचा शिवून घ्या.